‘एवढ्याशानं काय होतंय?’

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते की मला स्वतःला सीलिॲक, म्हणजे गहू आतड्याला सोसत नाही असा आजार, आहे आणि आहारतज्ज्ञ असूनही तो कळायला मला अकरा वर्षं लागली. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली, तेवढी वजन कमी करण्यावरच्या माझ्या तीन लेखांना मिळूनही आली नव्हती. म्हणून या वेळचं सगळं सदर त्या पत्रांना देतेय. पत्रं छाटली आहेत, नावं काढली आहेत. भाषा ज्याची त्याची.

प्रश्न : ताई, माझी नात सहा वर्षांची. चार महिन्यांपूर्वी तिला सीलिॲक असल्याचं निघालं. तेव्हापासून सुनेनं घराचं इस्पितळ करून टाकलंय. वेगळे डबे, वेगळा कालथा, आता तर चाळणीसुद्धा वेगळी. परवा नात माझ्या हातातल्या बिस्किटाकडे टक लावून बघत होती. माझ्यानं राहवेना, नखाएवढा तुकडा दिला. तिला काहीही झालं नाही, संध्याकाळभर हुंदडत होती. पण सूनबाईंनी दोन दिवस अबोला धरला. आम्ही जन्मभर गहूच खाल्ला की. एवढ्याशानं काय होतंय? – एक आजी

उत्तर : आजी, तो तुकडा द्यायला नको होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल.

गहू, बार्ली आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर ती ताणली जाते पण तुटत नाही, तो चिवटपणा त्याचाच. तुमच्या पोटात त्याचं जमेल तेवढं पचन होतं आणि उरलेलं निघून जातं. नातीच्या शरीराला मात्र त्याचे अर्धवट पचलेले तुकडे शत्रू वाटतात. ते त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्या झटापटीत स्वतःच्याच आतड्याचं अस्तर सोलवटून घेतं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातला कस त्या लवेतून रक्तात जातो. लव झिजून सपाट झाली की मूल कितीही जेवो, अंगी लागत नाही. निदान व्हायच्या आधी नातीचे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं फुगलेलं, असं काही तुम्हाला आठवतंय का? बऱ्याच मुलांत तसं दिसतं. काहींची फक्त उंची अडते.

‘आम्ही जन्मभर खाल्ला’ हेही खरंच आहे. हा आजार व्हायला विशिष्ट जनुकं लागतात, एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ नावाची. अनेक समाजांत ती शंभरातल्या तीस-चाळीस जणांकडे असतात, आजार मात्र जगभरात साधारण शंभरातल्या एकाला होतो. एकदा घरात शिरला की हिशेब बदलतो. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील आणि भावंडांत, दहातल्या जवळपास एकाला तो सापडू शकतो, पुष्कळदा कसलाही त्रास नसताना. तेव्हा नातीच्या आईबाबांची आणि भावंडांची रक्ततपासणी झाली का, ते सूनबाईंना विचारा. अबोला सोडवायला विषयही मिळेल.

आता त्या नखाएवढ्या तुकड्याचं. पावाच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पथ्यावर नीट स्थिरावलेल्या काही रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं होतं. तीन महिन्यांत त्यांच्या आतड्याची लव खालावलेली दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे त्या एका कापाचा चाळिसावा भाग. माझ्याकडे येणाऱ्या आईबाबांसमोर मी पावाचा काप ठेवते आणि सुरीनं त्याचे खरंच चाळीस तुकडे करते : आठ ओळी, एकेका ओळीत पाच. मग त्यातला एक उचलून अंगठ्याच्या नखावर ठेवते. बरोब्बर बसतो. बिस्किटात ग्लूटेन पावापेक्षा जरा कमी असेल, पण तुमचं आणि माझं माप एकच आहे, आजी.

एका तुकड्यानं ती आडवी पडली नाही. या आजारात त्रास लगेच दिसलाच पाहिजे असं नसतं. कुणाला दोन तासांत उलट्या सुरू होतात, कुणाला काहीही कळत नाही आणि आत झीज चालूच राहते. म्हणून ‘तिला काही झालं नाही’ या वाक्यावर मी विसंबत नाही. तळलं, भाजलं, उकळलं तरी ग्लूटेन जात नाही. तो काही जंतू नाही, उकळून मरायला.

चाळणीबद्दल सांगते. तुमची रोजची चाळणी धुऊन, वाळवून एकदा उजेडाकडे धरा. जाळी जिथे पत्र्यात बसवलेली असते, त्या कडेला आतून एक बारीक पांढरी रेघ दिसेल. पाण्यानं ती जात नाही, सुईनं टोकरली की भुकटी पडते. ते पीठ आहे. सुनेनं दुसरी चाळणी आणली ती त्या रेघेपायी.

आणि ‘हल्लीची फॅडं’ असं तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मनात आलं असेल तर एक जुनी हकीकत ऐका. १८८७ साली लंडनच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. सॅम्युअल जी यांनी या आजारावर व्याख्यान दिलं. कारण त्यांना ठाऊक नव्हतं, पण रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानंच होईल, एवढं त्यांनी ताडलं होतं. त्यांनी एका मुलाबद्दल लिहून ठेवलंय : त्याला रोज मापभर डच शिंपले खायला घालत, मूल छान बाळसं धरू लागलं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा खंगलं. पुढच्या हंगामात त्यानं शिंपल्यांना तोंडच लावलं नाही. मला त्या पोराची फार कीव येते. पोटभर शिंपले खाल्ल्यावर पावाला जागा उरत नसेल, म्हणून तेवढे महिने सुखाचे गेले असावेत, असा आपला माझा अंदाज. पुढे १९२४ पासून केळ्यांचा आहार गाजला. त्यानंही मुलं सुधारायची, आणि श्रेय केळ्यांना जायचं. गव्हावर बोट ठेवलं ते नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा तो बळावला आणि १९५० मध्ये त्यांनी तो प्रबंधात मांडला. म्हणजे आजी, तुमच्याआमच्या लहानपणी हा आजार होताच. त्याची मुलं ‘अशक्त’ म्हणून ओळखली जायची, आणि कितीतरी जणांचं नाव त्यापुढे कुणी घेतलंच नाही.

एक काम तुम्ही मागून घ्या. घरातला एक खण नातीच्या खाऊचा करा आणि त्याची मालकी तुमच्याकडे ठेवा. त्यात काय येतं, पाकिटावर काय छापलंय, हे वाचायची जबाबदारी तुमची. चष्मा लागेल, अक्षरं बारीक असतात. आणि तिच्यासमोर खाताना तिला चालेल तेच बिस्किट तुम्हीही खा. मग ती टक लावून बघणार नाही.

प्रश्न : वय ४२. बारा वर्षं पोट फुगणं, अधूनमधून जुलाब, हिमोग्लोबिन ९ च्या वर सरकत नाही. एक व्हिडिओ पाहून दीड महिन्यापूर्वी गहू पूर्ण बंद केला. अंगात जीव आल्यासारखं वाटतंय. आता डॉक्टर म्हणतात, तपासणीसाठी पुन्हा गहू सुरू करा. बरा झालेला माणूस मुद्दाम कशाला आजारी पडेल? तपासणी राहू दिली तर काय बिघडलं?

उत्तर : तुमचा वैताग मला पटतो, पण डॉक्टरांचं बरोबर आहे. क्रम उलटा झालाय. आधी तपासणी, मग पथ्य, असं हवं होतं.

रक्ताची पहिली तपासणी असते टीटीजी आयजीए. ग्लूटेन पोटात जात असताना शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती त्यात मोजतात. ग्लूटेन बंद केलं की ती हळूहळू उतरतात आणि सीलिॲक असलेल्या माणसाचा अहवालही स्वच्छ येऊ शकतो. सोबत एकूण आयजीए (हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजायला सांगा. काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही, त्यांच्यात पहिली तपासणी फसते. रक्तात काही सापडलं तर तोंडातून दुर्बीण घालून, जठर संपल्यावर जो आतड्याचा पहिला भाग लागतो, तिथले चार-सहा बारीक तुकडे घेतात आणि लव किती झिजलीय ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मुलांमध्ये प्रतिपिंडं सामान्य मर्यादेच्या दहापटीहून जास्त असतील आणि दुसऱ्या नमुन्यातली आणखी एक तपासणीही तेच सांगत असेल, तर काही वेळा दुर्बिणीशिवाय निदान करतात.

ते तुकडे घेतले का, हे स्वतः विचारा. माझ्या अकरा वर्षांतली चार वर्षं तिथेच गेली. एका रुग्णालयात माझी दुर्बिणीची तपासणी झाली, अहवालात ‘सर्व सामान्य दिसते’ असं आलं. नुसत्या डोळ्यांना सामान्य दिसलं म्हणून तुकडा घेतलाच नव्हता. मी समाधानानं घरी आले आणि लोहाच्या गोळ्या पुढे चालू. त्या काळात मी स्वतःसाठी लिहिलेला आहारतक्ता अजून जपून ठेवलाय. सकाळी गव्हाचा कोंडा दोन चमचे, असं माझ्याच अक्षरात आहे, आणि खाली दुहेरी रेघ.

तपासणी का हवी, तर गव्हानं त्रास होणारा प्रत्येक जण सीलिॲकचा नसतो. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा प्रकार. काहींना सीलिॲक आणि ॲलर्जी दोन्ही नसूनही गहू सोसत नाही, आणि त्यातल्या काहींचा त्रास ग्लूटेनमुळे नसून गव्हातल्या काही कर्बोदकांमुळे असतो. त्यांना कणाकणाचा हिशेब ठेवायची गरज नसते. तुम्हाला सीलिॲक असेल तर ती आयुष्यभर आहे, आणि आयुष्यभराचं पथ्य ‘बहुतेक असावं’ एवढ्या भरवशावर टिकत नाही. सहा महिन्यांनी कुणीतरी ताट पुढे करेल आणि तुम्ही म्हणाल, नक्की कुठे ठरलंय! शिवाय निदान झालं तर हाडांची घनता, थायरॉइड, जीवनसत्त्वं हे सगळं तपासलं जातं आणि घरच्यांनाही तपासता येतं.

पुन्हा गहू खाणं अगदीच नको वाटत असेल तर डॉक्टरांना आधी जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. ती पथ्यावर असतानाही करता येते. डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ बादच होतो आणि तुमची सुटका. असतील तर मात्र त्यावरून एवढंच कळतं की शक्यता आहे. मग साधारण सहा ते आठ आठवडे, रोज पावाचे दोन-तीन काप होतील एवढं ग्लूटेन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फार त्रास झाला तर लगेच कळवायचं, दात-ओठ खाऊन सोसायचं नाही.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांची, वसतिगृहात राहते. दोन वर्षांपूर्वी सीलिॲकचं निदान झालं. इथे मैत्रिणींना सांगितलंय की मी डाएट करते. आजार म्हटलं की सगळ्या एकदम गप्प होतात, ते मला नको वाटतं. पण कुणाचा वाढदिवस असला की ‘आज चीट डे’ म्हणून तोंडात केक कोंबतात. मी हसत खाते, मग बाथरूममध्ये जाऊन उलटी काढायला बघते. नंतर दोन दिवस पोट, डोकं, सगळंच गेलेलं. लेक्चर बुडतं. मग म्हणतात, नाटकं करते. खूप कंटाळलेय.

उत्तर : आधी एक. उलटी काढू नकोस. त्यानं गेलेलं ग्लूटेन पूर्ण परत येत नाही, घसा आणि दात मात्र खराब होतात, आणि ती सवय लागली तर तो दुसरा आजार. चुकून पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. पाणी पी, झोप काढ, हलकं खा, आणि ‘आता गेलंच आहे तर जाऊ दे’ म्हणून पुढचे दोन दिवस ढिलाई करू नकोस.

आता डाएटचं. तुझ्या मैत्रिणी वाईट नाहीत गं. डाएट ही मोडायचीच गोष्ट असते, असं सगळं जग मानतं, आणि मैत्रिणीचं डाएट मोडून देणं हे तर प्रेमाचंच काम समजलं जातं. शब्द तू चुकीचा दिलास, त्या त्याला जागतायत. मीही हे केलंय. निदान झाल्यावर कितीतरी दिवस मी जिथे जाईन तिथे ‘मला आवडत नाही’ एवढंच सांगायचे. परिणाम काय, तर एका जवळच्या बाईंनी मोठ्या हौसेनं ‘तुला आवडेल असा’ पदार्थ करून आणला, त्याच पिठाचा. त्या समोर उभ्या, मी घास घेतला. पुढचे तीन दिवस मी कामावर गेले नाही आणि त्यांना आजही वाटतं की मला तो फार आवडला.

सगळ्यांना एकदम सांगू नकोस. एकीला सांग, जिच्याशी तुझं सर्वांत जास्त जमतं तिला, चालता चालता, जेवणाच्या टेबलावर नाही. असं म्हण : “मला सीलिॲक आहे. गव्हाचा एवढासा कण गेला तरी माझं आतडं आतून सोलवटतं. कुणाला लागण होत नाही. केक तुम्ही खा, फोटोत मी आहेच. फक्त माझ्या तोंडात घालू नका.” पाच वाक्यं. मग तिलाच बाकीच्यांना सांगू दे. स्वतःच्या आजाराबद्दल आपण सांगितलं की ती तक्रार वाटते आणि दुसऱ्यानं सांगितलं की माहिती, हा माझा अनुभव. का ते विचारू नकोस.

गप्प होतील. होऊ देत. दोन मिनिटांचा गप्पपणा आहे, दोन दिवसांच्या पोटदुखीपेक्षा बरा.

मेसमध्ये व्यवस्थापकापेक्षा प्रत्यक्ष रांधणाऱ्या माणसाशी ओळख कर. त्याला आजाराचं नाव सांगत बसू नकोस, ‘गहू, मैदा, रवा, बार्ली’ हे चार शब्द सांग आणि विचार, यातलं कशाकशात पडतं? दाटपणा आणायला पीठ कुठे लावतात, हे त्यालाच ठाऊक असतं. तळण असेल तर त्याच तेलात आधी काय तळलं ते विचार. आणि रांगेत सर्वांत पुढे उभी राहा. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक भांड्यातला डाव त्याच भांड्यात असतो. नंतर तो सगळीकडे हिंडतो.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण शेवटच्या दोन शब्दांत ऐकू येते. या आजारात खिन्नता आणि थकवा नुसत्या परिस्थितीनं येत नाही. लोह, बी१२ किंवा ड जीवनसत्त्व कमी असेल तरी माणूस असाच कंटाळलेला असतो. सुट्टीत घरी गेलीस की रक्त तपासून घे, प्रतिपिंडंही परत मोजायला सांग. आणि कंटाळा सुट्टीपर्यंत थांबण्यासारखा नसेल तर आताच कुणाशी तरी बोल, डॉक्टरशी किंवा समुपदेशकाशी. मला परत लिहिलंस तरी चालेल.

काही छोटी उत्तरं, एकदम

*ओट्स चालतात का?* बहुतेक रुग्णांना शुद्ध ओट्स सोसतात, थोड्यांना नाही. खरी अडचण अशी की शेतात, गाडीत, गिरणीत ओट्स गव्हाच्या शेजारीच असतात. पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिलं नसेल तर घेऊ नका, आणि घेतले तरी आधी डॉक्टरांशी बोलून, थोड्या मापानं.

*घरात भांडी वेगळी ठेवतो म्हणून शेजारी विचारतात, हा आजार लागतो का?* नाही. तुमच्या मुलाच्या भांड्यांपासून शेजाऱ्यांना काही होत नाही. शेजाऱ्यांच्या भांड्यांपासून मुलाला होऊ शकतं.

*‘व्हीट फ्री’ आणि ‘ग्लूटेन फ्री’ एकच ना?* नव्हे. गहू नसला तरी बार्ली असू शकते, आणि ती ‘माल्ट’ या गोंडस नावानं येते. न्याहारीच्या कुरकुरीत पाकिटांत, चॉकलेटांत, दुधात घालायच्या पावडरींत ती सापडते. ‘ग्लूटेनमुक्त’ या शब्दाला मात्र माप आहे : अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको.

*वजन कमी करायला ग्लूटेन सोडू का?* नको. पाकिटातल्या ग्लूटेनमुक्त पदार्थांत पुष्कळदा चोथा कमी आणि साखर, चरबी जास्त असते. तुम्हा हौशी मंडळींबद्दल माझं मत जरा दुहेरी आहे. तुमच्यामुळे आमच्यासाठी पाकिटांची रांग वाढली, त्याबद्दल आभार. पण तुमच्यामुळेच मी हॉटेलात ‘ग्लूटेन चालत नाही’ म्हटलं की आतून आवाज येतो, ‘मॅडमचं डाएट आहे’, आणि त्याच कालथ्यानं माझं ताट वाढलं जातं.

*भावाला सीलिॲक निघाला म्हणून माझीही तपासणी केली, तर मलाही आहे. पण मला काहीच त्रास नाही. पथ्य कशाला?* तुमच्या आतड्याला त्रास आहे, त्यानं अजून तुम्हाला कळवलं नाही एवढंच. उपचार न केलेल्या सीलिॲकमध्ये हाडं ठिसूळ होतात, रक्त उतरतं, काहींना मूल होण्यात अडचणी येतात, आणि फार क्वचित आतड्याचा कर्करोगही उद्भवतो. हाडांची घनता मोजून घ्या. तो आकडा पाहून बरेच जण पथ्याला लागतात. तक्त्याची सुरुवात तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, भाज्या, फळं, दूध, अंडी, मासे यांपासून करू, म्हणजे काय सोडायचं यापेक्षा काय उरलंय ते आधी दिसेल. धान्य अख्खं आणून निवडून दळा. गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यातून आलेलं पीठ नको.

*यावर गोळी कधी येणार?* संशोधन चालू आहे. आज तरी पथ्य हाच उपचार, आणि तो खरोखर लागू पडतो. मुलांची लव बहुधा काही महिन्यांत भरून येते, मोठ्यांना एक-दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही लागतात.

प्रश्न : आमच्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला सीलिॲक आहे. १६ मे हा आंतरराष्ट्रीय सीलिॲक दिन असतो म्हणे. त्या दिवशी जागृतीचा कार्यक्रम करावा असं आम्हा चौघीजणींच्या मनात आहे. पोस्टर, छोटं भाषण, नंतर सगळ्यांसाठी ग्लूटेनमुक्त खाणं. आणखी काय करता येईल? त्यांना एकदा घरी जेवायलाही बोलवायचंय, पण मी बिचकते.

उत्तर : कार्यक्रम करा, पण आधी त्या सहकाऱ्याला विचारा. आपल्या आतड्याचं चित्र भिंतीवर लागलेलं सगळ्यांनाच आवडतं असं नाही.

काट मारलेली गव्हाची ओंबी मोठी छापली की पोस्टर झालं, असं समजू नका. ती बघून सगळे मान डोलावतात आणि जेवायला जातात. त्याऐवजी मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहा : गोळ्या घेऊनही लोह वाढत नाही? वर्षानुवर्षं पोट बिघडलेलं? कोपरांवर, गुडघ्यांवर फार खाजणारे, परत परत उठणारे फोड? सख्ख्या नात्यात कुणाला सीलिॲक, किंवा स्वतःला टाइप १ मधुमेह? मग गहू न सोडता, डॉक्टरांना टीटीजी आयजीए तपासणीबद्दल विचारा. तुमच्या कार्यालयात शंभर माणसं असतील तर दुसरा एखादा असू शकतो, ज्याला अजून पत्ता नाही. मी अकरा वर्षं अशा पोस्टरांसमोरून गेले, त्यावर ‘लोह’ हा शब्द असता तर थांबले असते.

खाणं बाहेरून मागवलंत तर दुसऱ्या पदार्थांच्या शेजारी मांडू नका. नाहीतर एकच चमचा सगळीकडे फिरतो आणि ज्याच्यासाठी कार्यक्रम, तोच उपाशी.

घरच्या जेवणाला बिचकू नका. बेत साधा ठेवा, चारच पदार्थ, आणि आदल्या दिवशी फोन करून काय काय घालणार ते वाचून दाखवा. त्यांना लाज वाटेल, म्हणतील ‘कशाला एवढं’, तरी वाचा. त्यांचं जेवण आधी शिजवा आणि झाकून ठेवा. कणकेचा डबा त्यानंतर उघडा. पीठ हवेत तरंगतं आणि उघड्या भांड्यात निवांत येऊन बसतं. ओटा पुसायला नवं फडकं घ्या. लाकडी फळी आणि लाकडी कालथे त्या दिवशी विश्रांतीला पाठवा, त्यांच्या चिरांत पीठ राहतं. स्टील, काच चालेल. लोण्याची आणि जॅमची बरणी नवी फोडा, जुन्यांत तळाशी पावाचे कण असतातच. एकदा बघा झाकण उघडून. सोया सॉस वापरणार असाल तर बाटलीवरचं वाचा, बहुतेकांत गहू असतो.

वाढताना आग्रह करू नका. त्यांनी स्वतःचा डबा आणला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच टेबलावर, त्याच ताटात वाढून द्या. आणि मसाला, सॉस, पापड, जे काही पाकिटातलं वापराल त्याची रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकू नका. ओट्यावर एका बाजूला ठेवा. ते पाणी प्यायला म्हणून आत येतील आणि तुमची पाठ वळली की वाचतील. मी तरी वाचते.